भरतीचा माणूस

राजानंद रोज सकाळी घनसावंगीला जायला जीपमधी बसायचा आन दुपारी जेवायला जालन्यातच घरी असायचा. वेडा न्हाई तो. त्याचं कामच तसलं होतं.

जालन्याच्या अंबड चौफुलीवर काळ्या-पिवळ्या जीपा नंबरानं लागतात. ज्याचा नंबर त्याची गाडी, आन गाडी भरल्याबिगर जागची हालत न्हाई. पण रिकाम्या गाडीत पहिलं कुणी बसत न्हाई, ही माणसाची जातच हाय. एक जण येतो, आत वाकून बघतो, कुणी दिसत न्हाई म्हणल्यावर म्हणतो, "मी हितंच हाय, भरली की बलवा." आन टपरीपशी जाऊन उभा राहतो. दुसरा येतो, तो बी तसंच. सगळे टपरीपशी, गाडी रिकामी, आन हरेक जण दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडून राह्यलेला. अशा वक्ताला राजानंद जाऊन मधल्या शीटावर बसायचा. थैली मांडीवर, नजर रस्त्यावर, जसं काही आता निघालंच पाहिजे. एक बसलेला दिसला की दुसरा बसतो. दोघं दिसले की चार येतात. गाडी भरत आली की राजानंद "तंबाखू घेऊन येतो" म्हणून हळूच उतरायचा आन त्याच्या जागी खरा पॅसेंजर बसायचा. चौफुलीवर त्याला नावच पडलं होतं, भरतीचा माणूस.

हे काम त्याला कुणी अर्ज करून दिलं न्हाई. आधी तो सळईच्या कारखान्यात भट्टीपशी होता. भट्टीच्या उजेडानं डोळ्याला पाणी सुटायला लागलं तसं ते सोडलं. मंग एका उन्हाळ्यात दुपारच्याला सावली म्हणून हाशिमच्या रिकाम्या जीपमधी बसला आन तिथंच झोपला. जागा झाला तर दोन्ही बाजूला माणसं, मांडीवर कुणाचं तरी पोरगं, आन हाशिम बोनेटपशी उभा राहून त्याच्याकडं असा बघून राह्यलेला, जसं वावरात बोअरला पाणी लागलं.

"उद्या येशील का?" हाशिमनं इचारलं.

"कुठं?"

"कुठंच न्हाई. बसायला."

तवापासून तो बसतोय. चहा-नाष्टा हाशिमकडं, बाकी संध्याकाळी सगळे ड्रायव्हर मिळून देतील ते. त्याला कुणी फुकट्या म्हणतं. म्हणू द्या. दिवसभर नुसतं बसून दाखवा म्हणावं, ढुंगणाला मुंग्या येतात आन डोक्याला त्याच्याहून जास्ती.

त्याची बायको उषाबाई गल्लीत शेवया करून द्यायची. ती म्हणायची, "लोकाचे नवरे बाहीरगावी गेले की दोन दोन दिवस येत न्हाईत. माझा रोज बाहीरगावी जातो आन वरणात मीठ कमी हाय म्हणायला दुपारी हजर."

खरी गंमत अशी, की राजानंदनं घनसावंगी बघितलेलीच न्हवती. एकदा बी न्हाई. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून ऐकून त्याला तिथला बाजार कुठं भरतो, रसवंती कुठं हाय, सगळं पाठ. पण गाडी हालायच्या आधी उतरणं हेच त्याचं काम, मंग बघणार कवा?

बसल्या बसल्या तो विचार करायचा. माणूस रिकाम्या गाडीत खिडकीपशीच कामून बसतो? बाहीर तर तीच चौफुली दिसती. दोन अनोळखी माणसं गाडीत एकमेकापासून हातभर लांब बसतात, आन तीच दवाखान्याच्या बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसतात, ते कशापायी? उशीर झालेला माणूस आपल्या घड्याळाला सोडून दुसऱ्याच्या घड्याळात कामून बघतो, तिथं काय येगळा टाइम असतो? त्याला कुणी उत्तर मागायचं न्हाई, म्हणून त्याचे प्रश्न कधी संपायचे बी न्हाईत.

एकदा एका कॉलेजच्या पोरानं मोबाइलवर त्याला दाखवलं, की पृथ्वी गरागरा फिरती आन वरून सूर्याभोवती पळती. राजानंद दोन दिवस खुश होता. उषाबाईला म्हणाला, "तू मला म्हणती मी कुठं जात न्हाई. मी बसल्या जागी कुठल्या कुठं जाऊन आलो, तुला पत्ता न्हाई."

"मंग येताना कोथिंबीर आणायची की," उषाबाई म्हणाली.

मंग त्याच्या डोक्यात नवीन किडा वळवळला. ड्रायव्हरच्या शीटावर पाय वर घेऊन बसलेल्या हाशिमला तो म्हणाला, "हाशिमभाई, आधी आभाळ रिकामं असंल न्हाई का?"

"असंल."

"मंग पहिला तारा कसा आला असंल तिथं? रिकाम्यात कुणी पहिलं जात न्हाई. म्हणजे देवानं आधी एक भरतीचा तारा बसवला असंल. त्याला बघून बाकीचे आले. आन आभाळ भरल्यावर तो उतरून गेला असंल. तो कुठं गेला, हे इचारतोय मी."

हाशिमनं बिडी विझवली. "अरे भई, अल्लामियाँला भरतीचा माणूस लागत न्हाई. तो रिकामी गाडी बी चालवतो. तू माझ्या गाडीचं बघ."

राजानंदचा एक नियम होता. तो बसायचा, बोलायचा न्हाई. कुणी "निघाली का गाडी?" इचारलं तर हात हालवायचा, त्याचा अर्थ ज्याचा त्यानं घ्यावा. उषाबाई कवा तरी म्हणाली, की लोकाला फसवायचा धंदा हाय तुमचा, तर तो म्हणाला, "मी फक्त बसतो. मला बघून बसायचं का न्हाई हे लोक ठरवतात. बसणं हे काय खोटं बोलणं हाय का?" ह्या एका गोष्टीवर तो पक्का होता.

तर हे सांगायचंय ते दिवस थंडीचे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दिवस लहान. आन जीपवाल्यांचे हाल. एसटीत बायांना अर्धं तिकीट आन लई म्हाताऱ्यांना फुकट झाल्यापासून अर्धे पॅसेंजर पलीकडं एसटीच्या थांब्यावर उभे राहायचे. हाशिमचा नंबर दुपारी लागला. राजानंद बसला, पुढच्या नंबरचे दोन ड्रायव्हर बी भरतीला बसले, म्हणजे गाडी अर्धी दिसायला लागली. तरी कुणी येईना. एक ड्रायव्हर टोमणा मारून म्हणाला, "राजाभाऊ, तुझा वास उडाला आता. बिनवासाच्या फुलावर माशी बसत न्हाई."

राजानंद हसला, पण त्याला लागलं.

पलीकडं एसटीच्या थांब्यावर एक म्हातारा उभा होता. धोतर, टोपी, आन हातात कापडाची पिशवी. पिशवी त्यानं छातीशी धरल्ती, लेकरू धरावं तशी. बाकड्यावर जागा होती तरी बसला न्हाई, पिशवी खाली ठेवली न्हाई. राजानंद किती तरी वेळ त्या पिशवीकडं बघत होता. काय असंल? पैसा असता तर माणूस इकडं-तिकडं बघतो. हा तर फक्त रस्त्याकडं बघत होता. पिशवीतून हिरव्या कापडाचा काठ दिसत होता.

असं म्हणता येईल की टोमणा लागला म्हणून तो उठला. पण खरं म्हणजे त्याला पिशवीतलं बघायचं होतं. तो रस्ता वलांडून गेला.

"बाबा, कुठं जायचंय?"

"घनसावंगीच्या पुढं. एसटी येती म्हणले."

"एसटीचा काय भरवसा. ती बघा गाडी, भरत आली. निघालीच."

म्हाताऱ्यानं जीपकडं बघितलं. दोन माणसं बसलेली दिसली. "तू बी तिकडंच का?"

"तिकडंच की. चला."

झालं. एवढी वर्षं संभाळलेला नियम, दोन शब्दात मोडला. म्हातारा मधल्या शीटावर राजानंदच्या शेजारी येऊन बसला. सर्जेराव नाव, टेंभुर्णीचा. सकाळीच निघाल्ता, टेंभुर्णीहून जालन्यापर्यंत एक गाडी, आता इथून दुसरी.

"लगीन हाय का?" राजानंदनं पिशवीकडं बघून इचारलं.

"न्हाई. बहिणीला लुगडं नेतोय."

"चांगलं हाय की. भाऊबीज होऊन तर लई दिवस झाले, उशिराची का?"

सर्जेरावनं पिशवी अजून जवळ घेतली. राजानंदला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

तेवढ्यात एक भरतीचा ड्रायव्हर लघवीला म्हणून उतरला, दुसरा चहाला. आन वळणावरून घनसावंगीची एसटी आली. थांब्यावर घटकाभर थांबली, दोन बाया चढल्या, घंटी वाजली, गेली. सर्जेराव मान वळवून तिच्या मागच्या काचेकडं बघत राह्यला. ती दिसायची बंद झाल्यावर त्यानं जीपमधी बघितलं. तो, राजानंद, आन रिकामी शीटं.

"हे लोक कुठं गेले?"

"येतील," राजानंद म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच कसा तरी वाटला त्याला.

मंग सर्जेरावचा फोन वाजला. बटनाचा फोन, आवाज एवढा मोठा की टपरीपर्यंत जावा.

"मामा, कुठवर आलात?" तिकडून एक जण इचारत होता. तो भाचा, माऊली.

"गाडीत बसलोय. निघालीच म्हणतेत."

"मामा, लोकं थांबनात आता. दिवस कलला. म्हातारे लोक म्हणतेत साधं कापड टाका आन उचला. बापू दारातच बसलेत, म्हणतेत माहेरचं लुगडं आल्याबिगर तिला हात लावू देणार न्हाई. भांडणं व्हायची पाळी आली. जल्दी या."

फोन बंद झाला. सर्जेराव पिशवी तशीच छातीशी धरून बसला.

आपल्याकडं कुणाला हे सांगावं लागत न्हाई. बाई सवाष्ण गेली तर तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. सासरी तिनं जल्म काढलेला असू द्या, पोरं-नातवंडं असू द्या, शेवटचं कापड माहेरचंच. ते घेऊन कुणी तरी यावं लागतं. सर्जेरावच्या ह्या बहिणीच्या, चांगुणाबाईच्या माहेरात आता हाच एक भाऊ उरला होता.

भाऊबीज म्हणालो मी, हे राजानंदला आधी आठवलं. मंग एसटी आठवली.

तो उतरून हाशिमकडं गेला आन सगळं सांगितलं. हाशिम टपरीवर चहा पीत होता. त्यानं गिलास खाली ठेवला.

"रिकामी गाडी घेऊन निघालो तर डिझेल माझ्या खिशातून, ते जाऊ दे. पण नंबर असून बिनभरल्या गाडीनं पळालो तर बाकीचे आठ दिवस नंबर देणार न्हाईत. पोरं काय खातील माझी?" हाशिमनं दाढी खाजवली. "तू बस जाऊन. भर जल्दी. तुझंच काम हाय ते."

"बसून आज भरत न्हाई, हाशिमभाई. सकाळपासून बसूनच हाय मी."

"मंग?"

राजानंदच्या डोक्यात एक गोष्ट आली आन त्याचं त्यालाच नवल वाटलं, की हे आपण कधी करूनच बघितलं न्हाई. खोट्याला बघून लोक बसतात. खऱ्याला ऐकून बसतात का?

तो जीपच्या पायरीवर उभा राह्यला आन मोठ्यानं म्हणाला, "भाऊ हो, घनसावंगी रोडचं कुणी असंल तर ऐका. गाडी रिकामी हाय. मी पॅसेंजर न्हाई, मी भरतीचा माणूस हाय, रोज नुसता बसतो. पण हे बाबा खरे हायत. ह्यांची बहीण वारली, माहेरचं लुगडं ह्यांच्यापशी हाय आन तिकडं माती थांबलीय. गाडी भरली तर दिवस मावळायच्या आत पोचतेत. बसा."

हाशिमनं कपाळाला हात लावला. "धंदाच सांगून टाकला येड्यानं."

लोक आले. टपरीवरून आले, थांब्यावरून आले, पंक्चरच्या दुकानातून आले. आन जीपच्या भवती उभे राह्यले. बसलं कुणीच न्हाई.

"कुठल्या गावची बाई?" एकानं इचारलं.

"कशानं गेली?"

"शुगर होती का?"

"लेकरं किती?"

"टेंभुर्णीत कुणाचे तुम्ही? तिथं आमचे पाहुणे हायत."

सर्जेराव बिचारा एकेकाला उत्तर देत होता. एक जण म्हणाला, आमच्या चुलतीच्या टायमाला बी असंच झालं. दुसरा म्हणाला, आता कुठं राह्यलं हे, लोक रुमाल टाकून उचलतेत. त्याच्यावर तिसरा चिडला. वाद लागला. राजानंद पायरीवरून बघत होता. सगळ्यांना वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, एकाच्या डोळ्यात पाणी बी आल्तं. पण बूड कुणी टेकवत न्हवतं. वाईट वाटणं आन बसणं ह्या दोन येगळ्या गोष्टी असतात की काय? त्याला राग यायला पाहिजे होता. पण त्याला आधी नवलच वाटलं.

मंग जे झालं ते चौफुलीवर आजून सांगतेत. बाजारातून दोन गोण्या घेऊन एक माणूस येत होता. त्याला लांबून काय दिसलं? जीप, आन तिला घेरून ही गर्दी. त्याला वाटलं, गाडीवर तुटून पडलेत लोक, आता जागा मिळत न्हाई. गोण्या टपावर फेकल्या, गर्दीत घुसला, दोघाला ढकललं आन खिडकीपशी जाऊन बसला. त्याच्या मागं एक बाई पोरीला घेऊन पळत आली, तिनं दुसरी खिडकी धरली. तिला बघून उभ्या असलेल्यातले जे खरंच त्या रोडचे होते त्यांना एकदम कळालं, की आपली जागा चाललीय. वाद तसाच हवेत सोडून ते आत घुसले. शुगरचं इचारणारा तर पुढच्या शीटासाठी भांडला.

"सरक, मी आधी आल्तो."

"आधी आल्तास तर उभा कामून होतास?"

हाशिमनं राजानंदकडं बघितलं, राजानंदनं हाशिमकडं.

गाडी भरली. राजानंद बी जाऊन बाबाच्या शेजारी बसला. एक जण बाहीर राह्यला, तो त्याच्या जागेकडं बघत होता. हाशिम म्हणाला, "राजाभाऊ, उतर. टाइम झाला."

"बाबाला म्हणलोय मी तिकडंच येतोय म्हणून."

"मंग?"

"मंग येतोय."

हाशिमनं बाहीर राह्यलेल्याला हात केला. "जागा देऊन टाक ह्याला. मागं लटक."

एवढी वर्षं गाडीत बसला, आन खरं जायच्या दिवशी शीट मिळालं न्हाई. राजानंद मागच्या फळीवर उभा राह्यला, टपाच्या शिडीला धरलं. गाडी निघाली.

हाशिमनं त्या दिवशी गाडी अशी हाणली, की बिचाऱ्या पॅसेंजरचे आतडी गळ्याला आली. अंबड गेलं. पुढं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, एकीला वलांडलं की दुसरी. राजानंद मागं तोंड करून उभा, म्हणून त्याला येणारं काहीच दिसत न्हवतं, गेलेलंच दिसत होतं. कपाशीचं पांढरं वावर मागं गेलं, मोसंबीची बाग मागं गेली, सूर्य झाडामागून उड्या मारत गाडीसंगं पळत होता. त्याला वाटलं, सगळी माणसं अशीच मागच्या फळीवर उभी असतील तर? म्हणून तर माणसाला झालेलं सगळं नीट सांगता येतं आन पुढचं इचारलं की हात हालवतो.

घनसावंगीत पॅसेंजर उतरले. राजानंदनं इकडं-तिकडं बघितलं, पण बघायला टाइम कुठं होता. शीट रिकामं झालं तरी तो आत आला न्हाई. हाशिमनं कुणाला न इचारता गाडी पुढं काढली, गोदावरीकडच्या त्या गावाच्या रस्त्याला. सर्जेराव म्हणाला, "बाबा, तुझा रोड संपला ना हितं?"

"रोड कुठं संपतो," हाशिम म्हणाला. "तुम्ही पिशवी संभाळा."

पोचले तवा सूर्य बाभळीच्या शेंड्याला आल्ता. घरापुढं गर्दी उभी, सगळे अर्धे वळून रस्त्याकडं बघत होते. दारात बापू, चांगुणाबाईचा नवरा, उंबरा अडवून बसलेला. त्यानं सर्जेरावला बघितलं आन बाजूला सरकला. एवढंच. सर्जेरावनं पिशवीतून लुगडं काढलं आन बायांच्या हातात दिलं. त्याचे हात मोकळे झाले, तसं त्याला कळेना आता हात कुठं ठेवावे.

एका म्हाताऱ्या बाईनं इचारलं, "माहेरकडून कोण कोण आलं?"

ते इचारावंच लागतं. सर्जेरावनं मागं बघितलं. मागं राजानंद उभा, आन गाडीपशी हाशिम.

"आम्ही तिघं," सर्जेराव म्हणाला.

बाईनं राजानंदकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, हाशिमच्या टोपीकडं बघितलं. मंग तिनं आत तोंड करून सांगितलं, "माहेरचे तिघं आलेत."

आत बाया तयारी करत होत्या तवर सर्जेराव अंगणात भिंतीकडंला जाऊन बसला. ती बाजू सगळी रिकामी होती. सगळा गाव दुसऱ्या अंगाला, सासरच्या माणसापशी. राजानंद त्याच्याशेजारी जाऊन बसला, थैली मांडीवर, नजर समोर. त्याला दुसऱ्या तऱ्हेनं बसता येतच न्हवतं. घटकाभरानं गर्दीतला एक जण उठून आला आन त्यांच्यापशी बसला. मंग अजून दोन आले. मंग एक म्हातारा आला, त्यानं सर्जेरावच्या पाठीवर हात ठेवला आन तसाच बसला. बघता बघता भिंतीची ती बाजू भरली. राजानंद सगळं बघत होता. ह्यातल्या कुणाला कुठं जायचं न्हवतं, कुणाची गाडी निघत न्हवती. तरी तेच झालं.

हाशिमनं अंगणाच्या दारातून मान घातली. बाजू भरलेली बघितली. त्यानं डोळ्यानं खूण केली, राजानंदला रोजची वळखीची खूण. भरली, आता उतर.

राजानंदनं मान हालवली. न्हाई म्हणून.

मंग हाशिमनं चपला काढल्या आन आत आला. "सरक," म्हणाला हळूच, आन शेजारी बसला.